एका पत्राचे पडसाद

हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस या कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ रोजी संचालक मंडळास एक पत्र धाडले. सप्टेंबर २००८ अखेरच्या ताळेबंदात दाखविलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या शिलकेपैकी ५,०४० कोटी रुपये मुळी अस्तित्वातच नाहीत, अशी कबुली त्यात होती. आदल्या दिवशी पावणेदोनशे रुपयांच्या वर असलेला सत्यमचा समभाग त्या सायंकाळी चाळीस रुपयांच्या आसपास उतरला.

त्यात नवल नव्हते. परंतु त्याच दिवशी मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक ७४९ अंकांनी, म्हणजे शेकडा सातांहून अधिक कोसळला. एकट्या सत्यमच्या भाराने एवढी पडझड होणे शक्य नव्हते. सत्यमचे हिशेब जगद्विख्यात पेढीच्या भारतीय शाखेने तपासलेले, तिचे रोखे न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदलेले. उत्तम कारभाराबद्दलचे पारितोषिकही आदल्याच सप्टेंबरात मिळालेले! हे शिक्के पाहूनच गुंतवणूकदार निर्धास्त होत असे. येथे ते खोटे ठरले. मग इतर कंपन्यांच्या वह्यांवरील त्याच शिक्क्यांवर विसंबावे कसे? संगणक व्यवसायातील अन्य कंपन्यांची स्थिती तर दुहेरी होती. सत्यमची बिथरलेली गिऱ्हाइके त्यांच्याकडे वळण्याचा संभव होता, पण तीच परदेशी गिऱ्हाइके आता त्यांच्याही वह्यांकडे संशयाने पाहणार होती.

घरच्या नात्याचा धागा याहून जवळचा. सत्यमची रोमन अक्षरे उलटी वाचली की मेटास होते. राजूंच्या पुत्रांच्या मेटास नावाच्या दोन कंपन्या सुमारे १६० कोटी डॉलरना विकत घेण्याचा बेत सत्यमने १६ डिसेंबर २००८ रोजी जाहीर केला आणि गुंतवणूकदार खवळताच काही तासांत गुंडाळला. खोट्या शिलकेची पोकळी खऱ्या मालमत्तेने भरण्याचा तो शेवटचा यत्न होता, हे पत्रातूनच उघड झाले.

सत्यमला वाली मिळाला. सरकारने नवे संचालक नेमले आणि एप्रिल २००९ मध्ये टेक महिंद्राची बोली सरस ठरली. मेटासच्या वाट्याला मात्र पतही आली नाही. हैदराबादच्या मेट्रो रेल्वेचे काम २००८ मध्ये मेटास इन्फ्राच्या पुढाकारातील गटास मिळाले होते. आवश्यक भांडवल उभे न राहिल्याने जुलै २००९ मध्ये तो करार रद्द झाला, आणि पुढील वर्षी ते काम लार्सन अँड टुब्रोकडे गेले. सारा विलंब त्या पत्राच्या माथी मारणे न्याय्य नव्हे; तथापि हैदराबादकर मेट्रोच्या गाडीत बसले ते नोव्हेंबर २०१७ मध्ये.