स्तनकर्करोगाचा मेंदूत प्रसार

स्तनातील कर्करोगपेशी रक्तावाटे मेंदूत जाऊन वाढल्याने होणारी अवस्था. हर-२ पॉझिटिव्ह (हर-२ प्रथिन जास्त असलेल्या) व ट्रिपल निगेटिव्ह (हर-२ आणि दोन्ही संप्रेरक-ग्राही नसलेल्या) प्रकारांत अधिक आढळते. सकाळी वाढणारी डोकेदुखी, उलट्या, झटके ही लक्षणे पित्ताची समजून अंगावर काढू नयेत. निदान एमआरआयने होते. डेक्सामेथासोनने सूज उतरते. गाठींच्या संख्येनुसार शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार ठरतो. हर-२ प्रकारात टुकाटिनिब या औषधाने चित्र पालटले: जागतिक चाचणीत अशा रुग्णांचे मध्यक आयुर्मान १२.५ वरून २१.६ महिन्यांवर गेले. ट्रिपल निगेटिव्हची गोष्ट अजून बिकटच. २०२३ मध्ये मध्य प्रदेशातील पांढुर्णा-सौंसरचा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी या उपचारांसाठी तिथल्यांना नागपूरच जवळचे: राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय किंवा जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था. जाताना गाठीचा जुना हर-२ अहवाल न्यावा. औषध निवडताना तो लागतोच.