महिंद्रा रेसिंग : फॉर्म्युला ई मधल्या भारतीय संघाची गोष्ट

मोटर रेसिंग म्हटलं की आपल्याला फेरारी, मर्सिडीज आठवतात. पण इलेक्ट्रिक गाड्यांच्या जागतिक स्पर्धेत, म्हणजे फॉर्म्युला ई मध्ये, पहिल्या सीझनपासून एक भारतीय संघ टिकून आहे. मालकी मुंबईच्या महिंद्रा समूहाची, वर्कशॉप इंग्लंडमधल्या बॅनबरी गावात. मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे मला या संघाची गोष्ट जास्तच रंजक वाटते. का, ते पुढे कळेलच.

सुरुवात दुचाकीपासून

महिंद्राने २०११ मध्ये मोटरसायकल ग्रांप्रीच्या १२५ सीसी गटात उडी घेतली आणि पुढच्या वर्षी मोटो३ मध्ये गेली. पहिला विजय मिळायला २०१६ उजाडलं. नेदरलँड्समधल्या असेन ट्रॅकवर फ्रान्चेस्को बन्याया याने तो मिळवून दिला. हाच बन्याया पुढे मोटोजीपीचा विश्वविजेता झाला. २०१७ नंतर महिंद्राने मोटो३ सोडलं.

तोपर्यंत फॉर्म्युला ई सुरू होऊन तीन वर्षं झाली होती. सप्टेंबर २०१४ मध्ये बीजिंगला पहिली रेस झाली, तेव्हा महिंद्राकडून करुण चंधोक आणि ब्रुनो सेना धावले. त्या सीझनला सगळ्या संघांच्या गाड्या सारख्याच होत्या. दुसऱ्या सीझनपासून मोटर, इन्व्हर्टर आणि गिअरबॉक्स स्वतःचे वापरायची मुभा मिळाली. बॅटरी मात्र सगळ्यांना एकच. खरी स्पर्धा इथून सुरू झाली. ऑक्टोबर २०१५ मध्ये निक हाइडफेल्डने पहिला पोडियम मिळवला आणि १० जून २०१७ ला बर्लिनमध्ये फेलिक्स रोझेनक्विस्टने पहिला विजय. त्या सीझनला संघ तिसरा आला.

रेस जिंकते कोण?

सुरुवातीच्या बॅटरीत वापरायला जेमतेम २८ किलोवॅट-तास ऊर्जा मिळायची. ती पूर्ण रेसला पुरायची नाही, म्हणून ड्रायव्हर अर्ध्यात गाडीच बदलायचा! २०१८-१९ मध्ये ५४ किलोवॅट-तासांची बॅटरी आली आणि हा प्रकार बंद झाला.

तरीही ऊर्जा मोजूनच वापरावी लागते. इथे कामाला येतं रीजनरेटिव्ह ब्रेकिंग. धुळ्याजवळचा लळिंग घाट डोळ्यांसमोर आणा. उतारावर पेट्रोल गाडी ब्रेक मारून सगळी ऊर्जा उष्णतेत घालवते. इलेक्ट्रिक गाडीत तीच मोटर जनरेटर बनते आणि वीज परत बॅटरीत जाते. २०२३ च्या जेन३ गाडीत पुढची आणि मागची मोटर मिळून ६०० किलोवॅटपर्यंतच्या दराने ऊर्जा परत घेऊ शकतात. मागच्या चाकांना तर नेहमीचे हायड्रॉलिक ब्रेकच नाहीत.

कुठल्या वळणाआधी पाय उचलायचा, किती ऊर्जा परत घ्यायची, बॅटरी किती तापू द्यायची, हे सगळं सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर मिळून ठरवतात.

सॉफ्टवेअरने सगळं सुटत नाही

११ फेब्रुवारी २०२३ ला हैदराबादमध्ये भारतातली पहिली फॉर्म्युला ई रेस झाली. दोनच आठवड्यांनी केपटाउनला महिंद्राच्या गाड्यांच्या मागच्या सस्पेन्शनमध्ये दोष दिसला. संघाने सुरक्षेसाठी दोन्ही गाड्या मागे घेतल्या. महिंद्राचीच पॉवरट्रेन वापरणाऱ्या आब्ट संघालाही थांबावं लागलं. माझ्या मते हा निर्णय संघाच्या सगळ्या विजयांइतकाच मोठा आहे, कारण आत माणूस बसलेला असतो.

पण पेच पुढेच होता. नियमानुसार महत्त्वाचे हार्डवेअर एकदा मंजूर झालं की दोन सीझन जवळपास गोठतं, कोड मात्र बदलता येतो. म्हणजे मूळ डिझाइन चुकलं तर फक्त पॅच मारत बसायचं. नवं हार्डवेअर आणायची संधी २०२४-२५ मध्ये मिळाली आणि त्या सीझनला निक डी व्रीस व एदोआर्दो मोर्तारा यांनी संघाला चौथ्या स्थानावर नेलं. त्याआधीच ऑडी, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज स्पर्धा सोडून गेल्या होत्या.

आपल्या पोरांचं काय?

संघ भारतीय, पण पहिल्या सीझननंतर त्यात भारतीय रेस ड्रायव्हर दिसला नाही. ड्रायव्हर व्हायला लहानपणापासून कार्टिंग लागतं, खर्चही प्रचंड. इंजिनिअरचा रस्ता त्यामानाने जवळचा आहे, अगदी अक्षरशः! धुळ्यावरून जाणारा आग्रा रोड इंदूरकडे जातो आणि इंदूरजवळच्या पिथमपूरला २००७ मध्ये बाहा एसएईइंडिया ही विद्यार्थ्यांची गाडी बनवायची स्पर्धा सुरू झाली. महिंद्रा तिची अनेक वर्षं प्रायोजक होती. पुढे तिच्यात इलेक्ट्रिक गटही आला.

जळगाव-धुळ्यात इंजिनिअरिंग करत असाल तर कॉलेजच्या टीममध्ये शिरा. चासीचं वेल्डिंग कुणीतरी करेलच. तुम्ही बॅटरी मॅनेजमेंट, मोटर कंट्रोलर आणि कॅन बस हातात घ्या. रेसमध्ये असो की चाकणच्या कारखान्यात, ही माणसं लागतातच.