जागलीवरचा मेंदू

हिंगोली जिल्ह्यात हरभऱ्याला घाटे धरले की आखाड्यावर जागल सुरू होते. रानडुकरे आणि रोही एका रात्रीत उभे पीक लोळवतात, म्हणून घरातले कोणीतरी शेतात मुक्कामाला जाते. जागलीवरचा माणूस बाजेवर पडतो, त्याचा डोळाही लागतो. विहिरीवरची मोटर चालू असते, पण तिच्या आवाजाने तो उठत नाही. धुऱ्याकडे पाचोळा वाजला, की मात्र ताडकन उठून बसतो. इथल्या घराघरात माहीत असलेल्या या गोष्टीत मेंदूविज्ञानातले दोन मोठे प्रश्न दडलेले आहेत: माणसाला जागे ठेवते कोण, आणि कोणता आवाज आत येऊ द्यायचा हे ठरवते कोण?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका साथीतून हाती येऊ लागले. पहिल्या महायुद्धाच्या काळात व्हिएन्नाचे डॉक्टर कॉन्स्टंटिन फॉन इकोनोमो यांच्याकडे मेंदूला सूज आलेले रुग्ण येत. काही अखंड झोपत, काहींना झोपच लागत नसे. दगावलेल्यांचे मेंदू तपासल्यावर इकोनोमोंना दिसले, की मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या अवयवाच्या मागच्या भागाला इजा झाली तर झोप अनावर होते आणि पुढच्या भागाला झाली तर ती उडते. म्हणजे जागेपणाही मेंदूला मेहनतीने घडवावा लागतो आणि झोपही. पुढे १९४९ मध्ये मोरुत्झी आणि मॅगून या शास्त्रज्ञांनी मांजरांच्या मस्तिष्कस्तंभातल्या पेशीजाळ्याला सौम्य विद्युत उत्तेजन दिले, तेव्हा मेंदूच्या संथ लहरी जागेपणीच्या जलद लहरींत बदलल्या. १९९८ मध्ये ओरेक्सिन हे जागे ठेवणारे मेंदूतले रसायन सापडले. ते तयार करणाऱ्या पेशी नष्ट झाल्या तर माणूस दिवसाढवळ्या, बोलता बोलता झोपी जाऊ शकतो.

दुसरा प्रश्न मला अधिक मोहवतो. कानावर पडलेला आवाज थॅलॅमस या मेंदूतल्या भागामार्गे मेंदूच्या बाह्यपटलाकडे जातो. थॅलॅमसभोवती पेशींचा एक पातळ थर आहे. त्याचे काम वाट रोखण्याचे, आणि झोपेत ही रोख वाढते. पण ती सरसकट नसते. इयन ऑसवाल्ड आणि सहकाऱ्यांनी १९६० मध्ये दाखवले, की झोपलेल्या माणसाचा मेंदू इतर नावांपेक्षा स्वतःच्या नावाला अधिक ठळक प्रतिसाद देतो. पाचोळ्याचे कोडे इथे उलगडू लागते. लगेच पुढच्या वर्षी दिल्लीच्या एम्समध्ये बालकृष्ण आनंद आणि सहकाऱ्यांनी ध्यानस्थ योग्यांच्या मेंदूलहरी नोंदवल्या. प्रखर उजेड किंवा मोठा आवाज यांनीही त्या लहरी मोडल्या नाहीत. अवधानाच्या अभ्यासात आपल्या देशातले हे काम इतक्या आरंभी झाले, याचा अभिमान वाटावा.

वाचकांनी या शास्त्राकडे वळताना अवयवांच्या नावांनी बिचकू नये. आधी जागेपणाच्या यंत्रणा समजून घ्याव्यात, मग अवधानाकडे यावे, कारण पेंगणाऱ्या मेंदूला निवड नीट साधत नाही. मेंदूत ‘लक्ष देण्याची’ एकच जागा शोधू नये. हे काम अनेक भाग मिळून करतात, आणि त्यांची वाटणी कशी होते यावर अभ्यासकांत आजही वाद आहेत.

तुम्ही स्वतः रात्री पाणी द्यायला जात असाल, तर सुरुवात चहापासून करा. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन साठत जाते आणि झोपेची ओढ वाढवते. चहातले कॅफिन त्या ॲडेनोसिनची जागा अडवते, पण साठा कमी करत नाही. म्हणून पहाटे चहाचा असर ओसरला, की राहिलेली झोप पुन्हा गाठते. त्या वेळी मोटरच्या पेटीला हात लावण्याआधी थोडे थांबावे.