किती खोल, आणि कुठे?

बुद्धिबळाच्या सर्वसाधारण स्थितीत खेळणाऱ्यापुढे ३०च्या आसपास चाली असतात. पांढऱ्याची एक आणि काळ्याची एक अशी जोडी धरली की शक्यता हजाराच्या घरात जातात आणि दोन जोड्यांना दहा लाखांच्या. क्लॉड शॅनन यांनी १९५० साली हा हिशेब मांडला आणि त्याच लेखात प्रोग्रामसाठी दोन मार्ग सुचवले. एक म्हणजे सगळ्या चाली ठरावीक खोलीपर्यंत तपासणे, आणि दुसरा म्हणजे निवडक चालीच, पण जास्त खोल तपासणे. शॅनन यांचा कल दुसऱ्याकडे होता. इतिहास मात्र बराच काळ पहिल्या मार्गाने गेला. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील स्लेट आणि ॲटकिन यांनी १९७३मध्ये आपल्या प्रोग्राममधली निवड काढून टाकली आणि सरसकट शोध स्वीकारला. आधीच चाळणी लावणारा प्रोग्राम बहुतेक वेळा योग्य चाल ठेवतो, पण एकदा जरी ती चाळणीतून निसटली तरी डाव जातो.

सरसकट शोधाला स्वतःचा दोष आहे. हान्स बर्लिनर यांनी सत्तरच्या दशकात त्याला ‘क्षितिज-परिणाम’ म्हटले. प्रोग्राम आठ अर्धचाली (एका बाजूची एक चाल म्हणजे एक अर्धचाल) पुढचे पाहतो असे धरू. आपला कोंडलेला उंट आठव्या अर्धचालीला पडणार, हे त्याला दिसते. मग तो मध्येच एक प्यादे पुढे ढकलून प्रतिस्पर्ध्याला उत्तर द्यायला भाग पाडतो. उंटाचे मरण दहाव्या अर्धचालीवर गेले, म्हणजे नजरेआड झाले. प्रोग्रामच्या लेखी उंट वाचला. मुदत वाढवून मिळाली की कर्ज फिटले असे मानणाऱ्या कर्जदारासारखे हे आहे, आणि व्याजही तसेच चढते: आधी प्यादे जाते, मग उंटही जातोच.

यावरचा पहिला उपाय जुना आहे. ॲलन ट्युरिंग यांच्या कागदावरच्या प्रोग्राममध्येही तो दिसतो: मारामारी चालू असताना मूल्यमापन करायचे नाही. ठरलेली खोली संपली तरी मारण्याच्या चाली तपासत राहायचे आणि पट शांत झाल्यावरच आकडा द्यायचा. वजिराने हत्ती मारला म्हणून खूश होऊन पुढच्याच चालीला वजीर गमावण्याचा मूर्खपणा यामुळे टळतो. पण न मारणाऱ्या, गुपचूप धमकी देणाऱ्या चालींपुढे हा उपाय लंगडा पडतो.

म्हणून शोधाच्या आतच काही फांद्या लांबवाव्या लागतात. कोणत्या? नेहमीचे उत्तर असे: शह बसला, मोहऱ्याची परतफेड होत असली किंवा प्यादे सातव्या रांगेत पोहोचले, तर एक अर्धचाल जास्त पाहावी. कारण म्हणून ‘स्थिती धोक्याची आहे’ असे सांगितले जाते. मला हे स्पष्टीकरण अर्धवट वाटते. धोका आहे, पण उत्तरादाखल ३० चाली शक्य आहेत, अशा ठिकाणी एक पातळी वाढवायची तर पूर्ण किंमत मोजावी लागते. शहाला उत्तरे दोन-तीनच असतात, कधी एकच. तिथे जास्त खोल जाणे जवळपास फुकट पडते, आणि जिथे पर्यायच नाही तिथे कोणी काही ठरवलेलेही नसते. खोली चालींमध्ये मोजण्यापेक्षा निर्णयांमध्ये मोजली, तर सक्तीची चाल हिशेबात शून्य धरली पाहिजे. फांदी लांबवण्याचा खरा निकष अरुंदपणा आहे. धोका ही त्याची बाहेरून दिसणारी खूण आहे, आणि तीही नेहमी दिसतेच असे नाही.

टोरांटो येथे १९७७ साली झालेल्या संगणकांच्या जागतिक स्पर्धेतला एक प्रसंग याला चपखल बसतो. अमेरिकेच्या ‘डचेस’ने वजिराने शह दिला. सोव्हिएत ‘काइसा’ने राजा बाजूला न सरकवता हत्ती मध्ये घातला आणि सरळ गमावला. प्रेक्षकांत माजी विश्वविजेते बोटविनिक होते. त्यांच्यासह सर्वांना वाटले की प्रोग्राममध्ये चूक आहे. डाव संपल्यावर उलगडा झाला. राजा सरकवला असता तर पांढऱ्याने वजिराचे बलिदान देऊन शह दिला असता, राजाला तो घ्यावाच लागला असता, आणि मग उंटाचा शह, हत्तीचा शह असे करत मात झाली असती. रांग लांब आहे, पण प्रत्येक पायरीवर काळ्याला जवळपास पर्याय नाही. माणसांना ती दिसली नाही, कारण वजीर देणे त्यांच्या मनात आले नाही. प्रोग्रामला मनात आणायचे नव्हते, मोजायचे होते.

पण कायदेशीर चाली ३० असूनही चांगली एकच असेल तर? हा अरुंदपणा वरवर दिसत नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘डीप थॉट’ बनवणाऱ्या अनंतरामन, कॅम्बेल आणि श्यू यांनी १९८८मध्ये त्यावर तोडगा दिला. एखादी चाल उरलेल्या सगळ्यांपेक्षा ठरावीक फरकाने सरस आहे का, हे कमी खोलीच्या शोधाने तपासायचे, आणि असेल तर तिची फांदी लांबवायची. यात बुद्धिबळाचे ज्ञान जवळजवळ नाही. शह, प्यादे, सातवी रांग यांचे नियम खेळ जाणणाऱ्याला सुचवावे लागतात. इथे शोधच स्वतःला विचारतो की दुसरा पर्याय आहे का. मला या विषयातली ही सर्वांत देखणी कल्पना वाटते.

आजचे प्रोग्राम, उदाहरणार्थ स्टॉकफिश, ती स्वस्तात वापरतात. पूर्वीच्या शोधात चांगली ठरलेली चाल स्मृतितक्त्यात असते. तिला वगळून बाकीच्या चाली साधारण निम्म्या खोलीवर आणि थोड्या खालच्या उंबरठ्याशी तपासल्या जातात. सगळ्या कमी पडल्या तर वगळलेली चाल एकमेव ठरते आणि फांदी लांबते. उलट, इतर चालीही पुरेशा वरचढ निघाल्या, तर ती फांदी तिथेच छाटता येते. प्रश्न एकच, पण निर्णय दोन टोकांचे.

लांबवणे आणि आखडणे ही एकाच जमाखर्चाची दोन पाने आहेत. वेळ ठरलेला असतो, तेव्हा एका फांदीला दिलेले दुसरीतूनच काढावे लागते. ‘फ्रूट’ या प्रोग्रामचा मजकूर २००५च्या सुमारास सर्वांना वाचायला मिळाला. त्यानंतर यादीत मागे असलेल्या चाली कमी खोलीवर तपासण्याची रीत रूढ झाली. चालच न करता पाळी सोडून पाहण्याची युक्तीही याच जातीची. पाळी सोडूनही स्थिती भक्कम राहत असेल, तर पूर्ण शोध कशाला? मात्र काही अंतिम डावांत चाल करावी लागणे हीच शिक्षा असते, आणि तिथे ही युक्ती फसवते.

हे सारे एका सूत्रात बसवण्याचा प्रयत्न शोगी या जपानी बुद्धिबळाच्या जगात झाला. त्सुरुओका आणि सहकाऱ्यांनी २००२मध्ये खोलीऐवजी संभाव्यता वापरली. खेळली जाण्याची शक्यता जितकी जास्त तितकी चाल स्वस्त, आणि फांदीची एकूण शक्यता मर्यादेखाली गेली की थांबायचे. या मापात अटळ चालीला काहीच किंमत पडत नाही. अल्फाझीरो या प्रोग्रामची पद्धत निराळी असली, तरी त्यातल्या न्यूरल जाळ्याने संभाव्य मानलेल्या चालींना जास्त भेटी देणे हे त्याच कुळातले.

कितीही सुबक तर्क असला तरी नियम टिकतो की नाही हे प्रत्यक्ष डावच ठरवतात. स्टॉकफिशसाठी २०१३पासून चालणाऱ्या फिशटेस्टमध्ये बदल हजारो डावांच्या कसोटीवर जातात, आणि पटणाऱ्या कल्पना सर्रास नापास होतात. मर्यादाही घालाव्या लागतात. शहामागून शह येत राहिले आणि प्रत्येकाने फांदी लांबवली, तर शोध कधीच संपायचा नाही.

अरुंदपणाचा निकष जिथे निकामी ठरतो ती जागा म्हणजे अभेद्य तटबंदी. प्यादी एकमेकांत अडकली आहेत, एका बाजूकडे हत्ती जास्त आहे, पण आत शिरायला वाट नाही. डाव बरोबरीचाच आहे. दोन्ही बाजूंना डझनभर चाली सारख्याच चांगल्या, म्हणून एकही एकमेव ठरत नाही आणि एकही फांदी लांबत नाही. मूल्यमापन हत्तीचा फायदा दाखवत राहते. इथे आणखी दहा अर्धचाली पाहूनही चित्र बदलत नाही, कारण कमतरता खोलीची नाही. काहीच घडणार नाही, ही गोष्ट कोणत्याही एका फांदीत दिसत नाही.