जीवविज्ञानातील विशेषीकरण, पदवी शिक्षणातील

विज्ञान शाखेच्या पदवी अभ्यासक्रमात सजीवांविषयीच्या अनेक विषयांपैकी एकाची प्रमुख विषय म्हणून निवड करून त्याचे सखोल अध्ययन करण्याच्या पद्धतीस विशेषीकरण म्हणतात. वनस्पतिविज्ञान, प्राणिविज्ञान, सूक्ष्मजीवविज्ञान, जीवरसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान इ. विषय आज विद्यार्थ्यापुढे असतात. ही नावे निसर्गातील स्वाभाविक विभागांची असावीत, असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुतः त्यांमधील बहुतेक सीमारेषा संस्था, नोकऱ्या व उद्योगधंदे यांच्या गरजांतून निरनिराळ्या काळी आखल्या गेल्या आहेत. अठरा-एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याने केलेली निवड त्याच्या पुढील आयुष्याला वळण देत असल्याने या सीमारेषांचा इतिहास जाणून घेणे उपयुक्त ठरते.

उगम : कार्ल लिनीअस यांनी १७३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात निसर्गाची खनिज, वनस्पती व प्राणी अशी तीन सृष्टींत विभागणी केली. सर्व सजीवांचे एकच शास्त्र असावे, ही कल्पना त्यानंतरची होय. तिचे निदर्शक असे ‘बायॉलॉजी’ हे नाव १८०२ मध्ये फ्रान्समध्ये लामार्क व जर्मनीत ट्रेव्हिरानुस यांनी स्वतंत्रपणे वापरले. तथापि विद्यापीठांत त्यास लगेच स्थान मिळाले नाही. चार्ल्स डार्विन १८३१ मध्ये केंब्रिजचे पदवीधर झाले, तेव्हा तेथे निसर्गविज्ञानाची स्वतंत्र पदवी-परीक्षा नव्हती. एडिंबरो येथील वैद्यकाचे शिक्षण त्यांनी आधीच अर्धवट सोडले होते. वनस्पतिविज्ञ हेन्स्लो यांचा सहवास हेच त्यांचे खरे शिक्षण ठरले. केंब्रिज येथे निसर्गविज्ञानाची ‘ट्रायपॉस’ परीक्षा प्रथम १८५१ मध्ये झाली आणि १८८१ मध्ये तिचे दोन भाग करण्यात आले. पहिल्या भागात अनेक विज्ञाने व दुसऱ्यात एका विषयाचे सखोल अध्ययन, ही विभागणी म्हणजे आधुनिक विशेषीकरणाचा एक आद्य नमुना होय.

याच सुमारास टॉमस हेन्री हक्सली यांनी वेगळा मार्ग दाखविला. १८७० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी लंडनमधील साउथ केन्सिंग्टन येथे शिक्षकांसाठी प्रयोगशाळेतील अध्यापनवर्ग सुरू केला व १८७५ मध्ये मार्टिन यांच्या सहकार्याने प्रात्यक्षिकांचे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले. यीस्ट, अमीबा, बुरशी, नेचा, घेवड्याचे झाड, जलव्याल, शिंपला व बेडूक यांचे क्रमाने परीक्षण करून विद्यार्थ्याने सजीवांचे सामान्य नियम समजून घ्यावेत, अशी त्याची रचना होती. वनस्पती व प्राणी यांत भिंत नव्हती. एका प्रकारच्या प्रतिनिधिरूप सजीवाच्या अभ्यासातून संपूर्ण गटाची ओळख करून देण्याची ही पद्धत भारतीय महाविद्यालयांतही रूढ झाली; परंतु तिच्यामागील एकात्म दृष्टी मात्र मागे पडली.

भारतातील विकास : कलकत्ता, मुंबई व मद्रास येथील विद्यापीठे १८५७ मध्ये स्थापन झाली. सजीवांच्या अभ्यासाला प्रारंभी प्रशासन, शेती, वनव्यवस्था व वैद्यक यांच्या गरजांनी चालना दिली. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्था १८९० मध्ये व प्राणी सर्वेक्षण संस्था १९१६ मध्ये अस्तित्वात आली. भारतीय विज्ञान परिषदेच्या १९१४ च्या पहिल्या अधिवेशनात वनस्पतिविज्ञान व प्राणिविज्ञान यांचे विभाग वेगळे होते. पदे, सर्वेक्षणे व परिषदा अशा रीतीने दुभंगलेल्या असल्याने महाविद्यालयांतील विभागही दोनच झाले आणि विद्यार्थ्याला त्यांपैकी एक निवडावा लागू लागला.

ही विभागणी पक्की होत असतानाच तिच्या पलीकडे पाहणारे अभ्यासकही होते. मालवण येथे जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर (१८८४–१९६०) यांचे उदाहरण या संदर्भात बोधक आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकलेल्या व तेथेच जीवविज्ञान शिकविणाऱ्या आघारकरांना सह्याद्रीच्या परिसरात हिंडताना गोड्या पाण्यातील जेलीफिश आढळला. तोपर्यंत भारतात अज्ञात असलेल्या या प्राण्याचे वर्णन प्राणिविज्ञ ॲनन्डेल यांनी केले. प्राणिविज्ञानात अशी नोंद करणारे आघारकर पुढे कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिविज्ञानाचे प्राध्यापक झाले व १९४६ मध्ये पुण्यात विज्ञान-संशोधनासाठी संस्था उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. ती संस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

नवे विषय : सूक्ष्मजीवविज्ञान रोग, आंबवण्याच्या प्रक्रिया व मृदा यांच्या अभ्यासातून पुढे आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. त्या पार्श्वभूमीवर १८९९ मध्ये स्थापन झालेली प्लेग संशोधन प्रयोगशाळा पुढे हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून प्रसिद्धीस आली. १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. अशा उद्योगांमुळे प्रशिक्षित सूक्ष्मजीवविज्ञांची गरज वाढली. १९५३ मध्ये वॉटसन व क्रिक यांनी डीएनएची द्विसर्पिल संरचना मांडल्यानंतर रेणवीय जीवविज्ञानाचा प्रभाव वाढत गेला. भारत सरकारने १९८६ मध्ये जैवतंत्रज्ञानासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला आणि त्यानंतरच्या दशकांत हा विषय पदवी पातळीवरही पसरला.

दरम्यान जुन्या द्विभागणीचा शास्त्रीय आधार ढासळला होता. व्हिटेकर यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या पंचसृष्टी वर्गीकरणात कवकांना वनस्पतींपासून वेगळे केले. १९७७ मध्ये वूझ व फॉक्स यांनी जीवाणूंसारख्या दिसणाऱ्या एका गटाचे आनुवंशिक वेगळेपण दाखवून दिले. तरीही कवक व जीवाणू अनेक वर्षे वनस्पतिविज्ञानाच्या अभ्यासक्रमातच शिकविले जात राहिले. शास्त्राच्या सीमा बदलल्या, तरी विभागांच्या सीमा सहजासहजी बदलत नाहीत, हे यावरून दिसते.

निवडीचे स्वरूप : महाराष्ट्रात दीर्घकाळ प्रचलित असलेल्या पद्धतीत पहिल्या वर्षी अनेक विषय, दुसऱ्या वर्षी त्यांपैकी काही व तिसऱ्या वर्षी एक ‘स्पेशल’ विषय अशी रचना होती. दिल्ली व कलकत्ता येथील ‘ऑनर्स’ पद्धतीत प्रमुख विषय प्रवेशाच्या वेळीच ठरे. पहिल्या पद्धतीत विद्यार्थ्यास अनुभवानंतर निवड करता येते, तर दुसऱ्या पद्धतीत प्रमुख विषयास अधिक काळ मिळतो. पुणे व कोलकाता येथे २००६ मध्ये सुरू झालेल्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थांनी प्रारंभीच्या वर्षांत सर्व विज्ञानांचे सामायिक अध्ययन व त्यानंतर विशेषीकरण, अशी रचना स्वीकारली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये बहुविद्याशाखीय व लवचिक पदवी अभ्यासक्रमावर भर देण्यात आला असून तीन किंवा चार वर्षांच्या पदवीचा पर्यायही देण्यात आला आहे.

निवड अंतिम नसते, याची उदाहरणे मोठ्या शोधांच्या इतिहासात विपुल आहेत. पक्ष्यांच्या आवडीने प्राणिविज्ञान शिकलेले वॉटसन व भौतिकीचे पदवीधर क्रिक हे आनुवंशिक द्रव्याकडे वळले. लाहोर येथे रसायनशास्त्र शिकलेले हरगोविंद खोराना यांना १९६८ मध्ये आनुवंशिक संकेताच्या उलगड्याबद्दल नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. अमेरिकेत ॲल्फ्रेड स्टर्टेव्हंट हे कोलंबिया विद्यापीठात पदवीचे विद्यार्थी असतानाच, १९११ मध्ये, फळमाशीच्या गुणसूत्रावरील जीनांचा पहिला नकाशा तयार करू शकले. त्यांना प्रयोगशाळेची दारे लवकर खुली झाली होती, ही गोष्ट अभ्यासक्रमाच्या नावाहून महत्त्वाची ठरली.

समारोप : एखाद्या विषयाकडे विद्यार्थ्यांचा ओघ वळला की दुसऱ्या विषयाची परंपरा क्षीण होते. रेणवीय शाखांच्या आकर्षणापुढे वर्गीकरणविज्ञान हे क्षेत्रकार्यावर आधारलेले शास्त्र भारतात मागे पडले. ही उणीव ओळखून केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस वर्गीकरणविषयक क्षमतावर्धनाचा अखिल भारतीय प्रकल्प हाती घेतला. २००२ च्या जैविक विविधता अधिनियमाची अंमलबजावणी करण्यासाठी जाती ओळखणारे अभ्यासक लागतात. प्रयोगशाळेतील डीएनएच्या क्रमाला अर्थ येतो, तोही जिच्यापासून तो मिळाला, ती जाती नीट ओळखलेली असेल तेव्हाच. २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झालेल्या पश्चिम घाटाच्या संदर्भात ही बाब महाराष्ट्रास विशेष महत्त्वाची आहे. यावरून असे म्हणता येईल की, विशेषीकरण अटळ असले, तरी ते विस्तृत पायावर व शक्य तितके उशिरा व्हावे. निवड करणाऱ्याने विषयाच्या मागणीबरोबरच आपला कल कोणत्या कामाकडे आहे, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालील निरीक्षण, रासायनिक विश्लेषण, गणिती मांडणी की रानावनातील भटकंती, याचाही विचार करावा. मागणी काही वर्षांत बदलते. एखादे काम आयुष्यभर चिकाटीने करण्यास लागणारी आवड मात्र बहुधा टिकून राहते.