खुडूक : एका शब्दाचा आणि एका व्यवहाराचा इतिहास

अंडी देणे थांबवून ती उबवू पाहणाऱ्या कोंबडीला मराठीत ‘खुडूक’ म्हणतात. कोकणात ती ‘रवणाला बसली’ असेही म्हटले जाते. मात्र ‘खुडूक’ हाच शब्द निरुद्योगी होऊन कोपऱ्यात बसलेल्या माणसालाही उपहासाने लावला जातो. एकाच अवस्थेविषयी वंशवृद्धीची आशा आणि निरुपयोगीपणाचा ठपका असे दोन विरोधी भाव भाषेत कसे नांदले, हा प्रस्तुत टिपणाचा विषय होय.

या व्यवहाराचा एक प्राचीन पुरावा पाली वाङ्मयात आढळतो. मज्झिमनिकायातील चेतोखिलसुत्तात असा दृष्टान्त आहे की, आठ, दहा वा बारा अंड्यांवर कोंबडी नीट बसली असेल, तर पिले सुखरूप बाहेर यावीत अशी इच्छा तिने केली नाही तरी ती कवच फोडून येतातच. तेथे अंड्यांना ‘अधिसयित’, ‘परिसेदित’ आणि ‘परिभावित’ अशी तीन विशेषणे योजिली आहेत. बसणे आणि ऊब देणे या पहिल्या दोन क्रिया उघड आहेत. तिसरीचा अर्थ अट्ठकथा कोंबडीच्या गंधाने भारणे असा लावते. खुडूक कोंबडी रिकामी बसत नाही, ती काम करते, हे त्या शब्दयोजनेत गृहीत आहे.

ज्या सोपाऱ्याच्या स्तूपाचे १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खनन केले, ते आज पालघर जिल्ह्यात आहे. त्याच जिल्ह्यातील बोईसरलगतच्या सरावलीसारख्या भातपिकाच्या मुलखात हा दृष्टान्त समजावून सांगावा लागू नये. डालग्यात पेंढा पसरून दहाबारा अंडी मांडावयाची. कोंबडी एकवीस दिवस बसते, दाण्यापाण्यापुरती उठते, अंडी चोचीने परतते. पुढे दीडदोन महिने ती पिलांना उकरून खाणे शिकवते आणि घारीपासून राखते. या काळात अंडी मिळत नाहीत. परंतु वारली घरात कोंबडे देवकार्याला, पाहुण्याला आणि अडीनडीला विकावयास लागते. तेथे अंड्यांपेक्षा पिलांचे मोल अधिक. त्या हिशेबात खुडूक होणे हा तोटा नव्हे.

हिशेब बदलला तो अंडे हाच विक्रीचा माल ठरल्यावर. उबवणे कोंबडीकडून काढून घेण्याची कल्पना जुनीच आहे. इजिप्तमध्ये अंडी शेणात पुरून उबवीत, असे ॲरिस्टॉटल नोंदवितो. आधुनिक उद्योगाने मात्र ती प्रवृत्तीच निवडपैदाशीने काढून टाकली. खुडूकपणामागे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक असते. व्हाइट लेगहॉर्न जातीत हा गुण जवळजवळ उरलेला नाही. पुण्यात १९७१ साली व्यंकटेश्वरा हॅचरीज स्थापन झाली. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले होते. पुढे औद्योगिक वसाहतही वाढली आणि या परिसरातील पाड्यांना कारखान्यांचा शेजार लाभला. परसातील पालनासाठी हैदराबादेत विकसित झालेली ‘वनराजा’ जात देशी कोंबडीहून अधिक अंडी देते, पण सहसा उबवणीला बसत नाही. म्हणून पिले पुन्हा विकत आणावी लागतात, अथवा तिची अंडी देशी खुडूक कोंबडीखाली ठेवावी लागतात.

यातील अर्थ स्पष्ट आहे. बी राखण्याप्रमाणेच पिले काढणे ही घराची स्वायत्तता होती. उद्या देशी कोंबडी गेली, तर ‘खुडूक’ शब्द उरेल, पण त्यातील उपहास तेवढा उरेल. एकवीस दिवसांचे श्रम त्यातून गळून पडतील. बोलींचा शब्दसंग्रह करणाऱ्या विद्यार्थ्यांनी म्हणून या शब्दापुढे प्रथम ते श्रम नोंदवावेत, उपहास नंतर.