छातीवरच्या टाक्यांपासून जांघेतल्या सुईपर्यंत

जन्मजात हृदयदोषावरील उपचारांचा माग काढू लागलो, की आपण प्रथम बोस्टनला पोहोचतो. १९३८ साली रॉबर्ट ग्रॉस यांनी सात वर्षांच्या मुलीची जन्मानंतर मिटायची राहून गेलेली रक्तवाहिनी बांधून टाकली. पण ही शस्त्रक्रिया हृदयाबाहेरची होती. हृदय उघडून आतला दोष डोळ्यांसमोर दुरुस्त करायला २ सप्टेंबर १९५२ उजाडावा लागला. मिनेसोटा विद्यापीठात जॉन लुईस यांनी पाच वर्षांच्या मुलीचे शरीर थंड करून रक्ताभिसरण काही मिनिटे थांबवले आणि वरच्या कप्प्यांमधले छिद्र शिवले. पुढच्याच वर्षी गिबन यांचे हृदय-फुप्फुस यंत्र आले. १९६१ साली मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. दस्तूर यांनी अशाच यंत्राच्या आधारे शस्त्रक्रिया केली. छाती उघडण्याला मात्र तोवर पर्याय नव्हता.

दुसरी वाट १९२९ सालीच पडली होती. जर्मनीत वेर्नर फोर्समान यांनी स्वतःच्या हाताच्या शिरेतून नळी थेट हृदयापर्यंत सरकवली होती. या वाटेने १९६७ साली बर्लिनच्या पोर्स्टमान यांनी ग्रॉस यांचे काम छाती न उघडता करून दाखवले, तर १९७६ साली किंग आणि मिल्स यांनी कप्प्यांमधले छिद्र छत्रीने बुजवल्याचे प्रसिद्ध केले. मात्र नळ्या जाड असल्याने लहान मुले वंचितच राहिली. ही अडचण निकेल-टायटेनियमच्या तारेने सोडवली. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडलेला हा मिश्रधातू दाबला तरी मूळ आकारात परततो. लुईस यांच्याच मिनेसोटात कुर्त अँप्लाट्झ यांनी १९९०च्या दशकात त्याच्या तारा विणून जोडचकती घडवली. जांघेतल्या शिरेतून ती बारीक नळीने वर नेतात. एक चकती डाव्या कप्प्यात उघडते, दुसरी उजव्यात, आणि मधली कंबर छिद्रात घट्ट बसते. काही महिन्यांत तिच्यावर हृदयाचेच अस्तर चढते. शल्यविशारदांनीही आपला छेद लहान केला. निवडक मुलांमध्ये तो आता काखेखाली घेतात. गुंतागुंतीच्या दोषांना मात्र आजही छाती उघडावीच लागते.

या वाटेचा शेवटचा टप्पा आपल्या दाराशी येतो. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी नाशिकच्या शेजारच्या पालघरमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याची पथके अंगणवाड्या आणि शाळांत जाऊन जन्मजात दोषांसाठीही मुले तपासतात. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठसारख्या तालुक्यांतील पालकांसाठी ही तपासणी फार मोलाची आहे, कारण वरच्या कप्प्यांमधले छिद्र अनेकदा वर्षानुवर्षे काहीच त्रास देत नाही. मोठ्या छिद्रांकडे दुर्लक्ष झाले, तर फुप्फुसातला दाब कायमचा वाढू शकतो आणि मग छिद्र बुजवण्याची वेळ टळून जाते. म्हणून दूध पिताना बाळाला धाप लागत असेल, घाम फुटत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर पथकाची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. आणि तपासणीच्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये.